कॅम्परच्या वाटेवर मित्रांची घरे टाळू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांतून कॅम्परने, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, प्रवास कसा करावा, याविषयी आपल्या पर्यटन पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. लेख नेटका आहे आणि छायाचित्रे उत्तमच आहेत. परंतु त्यात वाचकांना दिलेला एक सल्ला मला मुळीच पटला नाही आणि दोन ठिकाणची माहिती अपुरी आहे. सल्ला असा, की वाटेत ओळखीच्या लोकांकडे थांबण्याच्या फंदात पडू नये. गाडीचे भाडे रोजाने चढत असते, कोणाकडे गेले की दोन दिवस गप्पांत जातात आणि तेवढ्या वेळात एखादे राष्ट्रीय उद्यान पाहून होते. सप्टेंबर २०२३ मध्ये आम्ही हाच प्रवास नेमका उलटा हिशेब धरून केला. आधी मित्रांची गावे नकाशावर मांडली आणि त्या गावांच्या मध्ये जी उद्याने, जी धरणे आली, ती पाहिली. सोळा दिवसांत सुमारे २,३०० मैल झाले. हे पत्र त्या अनुभवावरून लिहीत आहे.

आम्ही म्हणजे सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९७६ साली स्थापत्य शाखेची पदवी घेऊन बाहेर पडलेले दोन वर्गमित्र आणि आम्हा दोघांच्या सौभाग्यवती. मी जन्मभर महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यात नोकरी केली. दुसरा चाळीस वर्षांपासून कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहतो, त्यामुळे गाडी चालवण्याचे काम त्याच्याकडे होते. गाडी २५ फूट लांबीची होती. मागे एक डबल बेड, मध्ये स्वयंपाकाचा ओटा आणि घडी मोडली की पलंग होणारे टेबल, आणि चालकाच्या डोक्यावर आणखी एक बिछाना, ज्यावर शिडीने चढावे लागे. ऐन सत्तरीच्या उंबरठ्यावर रोज रात्री शिडी चढण्याची कोणाची तयारी नव्हती. अखेर दोघी मागच्या बेडवर, मित्र टेबलावर आणि मी वर अशी वाटणी झाली. वरच्या जागेत उठून बसता येत नाही, हे मला पहिल्याच पहाटे डोके आपटल्यावर कळले.

मित्रांना भेटायचे तर आता निमित्ते कमी नाहीत, असे कोणी म्हणेल. आमच्या तुकडीच्या पदवीला चाळीस वर्षे झाली तेव्हा, २०१६ मध्ये, सांगलीतल्या एका हॉटेलात स्नेहसंमेलन झालेच होते. शाल, श्रीफळ, गुरुजनांचा सत्कार, एकत्र छायाचित्र आणि पुलाव. परदेशातून सातजण आले होते आणि त्यातल्या प्रत्येकाशी माझे जेमतेम दहा मिनिटे बोलणे झाले. त्यातली पाच मिनिटे रक्तदाब आणि साखर यांत गेली. संमेलने भरवू नयेत असे माझे म्हणणे नाही, मीच त्याचा खजिनदार होतो. पण संमेलनात माणूस आपले घर घेऊन येत नाही. तो कसा राहतो, सकाळी उठून काय करतो, हे तिथे समजत नाही.

विमानाने जाऊन भेटावे म्हटले, तर विमान मोठ्या शहरात उतरवते आणि आमचे सगळे मित्र काही मोठ्या शहरात राहत नाहीत. आमच्यातला एकजण नेव्हाडा राज्यात एल्को येथे राहतो. सिएरा नेव्हाडाची रांग सुमारे ७,२०० फुटांवरच्या डॉनर खिंडीतून ओलांडली, रीनो मागे टाकले, की इंटरस्टेट ८० हा महामार्ग रानझुडपांच्या वैराण पठारावरून पूर्वेकडे जाऊ लागतो. रीनोपासून एल्को २९० मैल, आणि एल्कोपासून पुढे सॉल्ट लेक सिटी आणखी २३०. मध्ये पाहण्यासारखे म्हणून पुरवणीच्या लेखात काहीही दिलेले नाही, आणि पर्यटकाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. एल्को हे सोन्याच्या खाणींचे गाव आहे. जवळच्या कार्लिन पट्ट्यातले सोने डोळ्यांना दिसत नाही इतके बारीक असते. डोंगर फोडून, खडी करून, तिच्यावर सायनाइडचे द्रावण सोडून ते काढावे लागते. आमचा मित्र मृदा-यांत्रिकीचा माणूस. त्या खडीच्या ढिगांखालचे अस्तर आणि गाळ अडवणारे मातीचे बांध यांवर त्याने पंचवीस वर्षे काम केले आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिला.

त्याची पत्नी २०२० मध्ये गेली. मुले पूर्व किनाऱ्यावर असतात. आम्ही येणार म्हणून त्याने तिन्ही खोल्यांत इस्त्री केलेल्या चादरी घातल्या होत्या, उशांशेजारी टॉवेलही ठेवले होते. आम्ही त्या खोल्या पाहिल्या, कौतुक केले आणि त्याच्या ड्राइव्हवेवर उभ्या असलेल्या आमच्या गाडीत चहा टाकला. तो चहाला म्हणून आत आला, टेबलाच्या कोपऱ्यात बसला आणि रात्री अकरापर्यंत उठला नाही. 'माझ्या घरात नंतर बसू, इथे बरे वाटते आहे,' एवढेच म्हणाला. बाहेर तापमान ४ अंशांपर्यंत उतरले होते. आत प्रोपेनची शेगडी, पाच माणसे आणि पाय ठेवायला जागा नाही; आमच्या वसतिगृहातल्या खोलीचे मापही याहून फार मोठे नव्हते.

मी सांगलीहून भडंग नेले होते. त्यात कांदा हवा म्हणताच तो घरात गेला आणि कांद्यांबरोबर विळी घेऊन आला. लग्नानंतर वहिनींनी सांगलीहून नेलेली ती विळी होती. गाडीच्या मधल्या बोळात, जेमतेम दोन फुटांच्या जागेत, माझी पत्नी विळीवर बसून कांदा चिरू लागली आणि बोलता बोलता म्हणाली, की भावजी, धार चांगली आहे हो हिला. त्यावर त्याने सांगितले, की तीन वर्षे ती कपाटातच होती. तुम्ही येणार म्हणून काल गॅरेजमध्ये लावली धार. मग तो बराच वेळ गप्प बसला आणि एकदम मला सांगलीच्या महापुराबद्दल विचारले, '२०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी नक्की किती फूट होते रे?' मी सांगितले, ५७ फुटांच्या वर. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, हे त्याला सांगावे लागले नाही. त्यानंतर शहरात पाणी कसे शिरले, कोयनेचा विसर्ग कधी वाढवला, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद खरा किती आणि राजकीय किती, यावर दोन तास गेले. या तीन वर्षांत समोर बसलेल्या माणसाशी आपण मराठी बोललो नव्हतो, ती फक्त फोनवर होती, असे तो निघताना म्हणाला. आम्ही दोन रात्री राहिलो. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला गावातल्या बास्क भोजनगृहात नेले. स्पेनच्या बास्क प्रदेशातून मेंढपाळ म्हणून आलेल्या लोकांच्या जुन्या खाणावळी तिथे अजून चालतात. लांब टेबलावर सगळ्यांनी एकत्र बसायचे आणि भांडी हातोहात पुढे सरकवायची. मांसाहार न करणाऱ्या माझ्या पत्नीला सूप, कोशिंबीर आणि बटाटे मिळाले, पण पंगतीची रीत मात्र तिला फार आवडली.

एल्कोला कोणते राष्ट्रीय उद्यान आहे, असे लेखक विचारतील. नाही. आणि तिथे विमानाने जाऊन हॉटेलात उतरलो असतो, तर मित्राने आम्हाला दोन वेळा जेवायला बोलावले असते, उत्तम खाऊ घातले असते आणि विळी कपाटातच राहिली असती. कॅम्परची गंमत ही आहे, की पाहुणा आपले अंथरूण आणि आपला चहा घेऊन येतो. यजमानावर भार पडत नाही, आणि त्याला वाटले तर तोच पाहुणा होऊन आपल्याकडे येऊ शकतो.

मात्र त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात, आणि लेखात त्यांचा उल्लेख नाही. गाडीत पाण्याच्या तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, मोरीच्या पाण्याची आणि संडासाची. मित्राच्या गावी पोहोचण्याआधी शेवटच्या दोन टाक्या अधिकृत डम्प स्टेशनवर रिकाम्या करून जावे. कोणाच्या अंगणात किंवा रस्त्याकडेच्या गटारात त्या सोडणे हा गुन्हा आहे. रिकाम्या करताना आधी संडासाची टाकी आणि नंतर मोरीची, म्हणजे मागून येणाऱ्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हे काम आम्ही दोघा स्थापत्य अभियंत्यांनी आलटून पालटून केले आणि दरवेळी व्हॉल्व्हवरून वाद घातला. दुसरे असे, की घराच्या साध्या प्लगला जोडून गाडीतले दिवे आणि फ्रिज चालतात. तो प्लग १५ अँपिअरचा असतो आणि वातानुकूलनाचा भार बहुधा घेत नाही. त्यासाठी आरव्ही पार्कमधली, म्हणजे अशा गाड्यांसाठीच्या तळावरची, ३० अँपिअरची जोडणी लागते. जनरेटर लावून शेजाऱ्यांची झोप मोडणे तर सोडूनच द्यावे. आणि दोन रात्रींपेक्षा जास्त राहू नये. तिसऱ्या दिवशी यजमानाला आपली औषधे, आपला टीव्ही आणि आपली दुपारची झोप आठवू लागते, हे मी स्वतःवरून सांगतो.

आता माहितीतल्या दोन त्रुटी. युटा राज्यातल्या झायन उद्यानातून पूर्वेकडे माउंट कार्मेलच्या वाटेने जावे, असे लेखात सुचवले आहे. त्या वाटेवर १९३० साली खुला झालेला १.१ मैल लांबीचा बोगदा आहे आणि त्याची कमान कडेला इतकी खाली येते, की मोठे वाहन आपल्या बाजूने जाऊच शकत नाही. ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाडीसाठी आम्ही गेलो तेव्हा १५ डॉलरचा परवाना घ्यावा लागत होता. मग समोरची वाहतूक थांबवून गाडीला बोगद्याच्या मधोमध सोडले जाई. भाड्याची बहुतेक मोटारहोम या मापाबाहेरच असतात. असे नियम बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहणे इष्ट. दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. 'रात्री मनाला येईल तिथे गाडी लावून झोपा' हे वाक्य वाचकाला अडचणीत आणील. राष्ट्रीय उद्यानांत नेमलेल्या कॅम्पग्राउंडखेरीज रात्री थांबता येत नाही, आणि लोकप्रिय उद्यानांतल्या जागा कित्येक महिने आधी आरक्षित होतात. केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाच्या मोकळ्या जमिनींवर मात्र बऱ्याच ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येते. तिथे पाणी, वीज, संडास यांपैकी काहीच नसते.

मनाला येईल तिथे गाडी लावण्याचा प्रसाद आम्हाला अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्सला मिळाला. तिथला मित्र आमच्या तुकडीतला सर्वांत हुशार. कोलोराडो नदीचे पाणी लेक हवासूपासून फिनिक्स आणि टूसॉनकडे नेणाऱ्या ३३६ मैलांच्या कालव्याच्या कामावर तो सल्लागार कंपनीतर्फे होता. हे पाणी वाटेत सुमारे २,९०० फूट उचलावे लागते. त्याच्याकडे आम्ही संध्याकाळी सातला येतो म्हणून कळवले होते. आदल्या दिवशी आम्ही युटामधून अ‍ॅरिझोनात उतरलो. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाहीत, त्यामुळे सप्टेंबरमध्ये तिथे युटापेक्षा एक तास मागे असतो. पण पेज गाव सोडल्यावर लागणाऱ्या नवाहो लोकांच्या प्रदेशात मात्र घड्याळे पुढे करतात. मोबाइलचे घड्याळ दिवसभर पुढे-मागे उड्या मारत होते, म्हणून मी माझ्या मनगटावरच्या घड्याळावर विश्वास ठेवला आणि ते युटाच्याच वेळेवर राहिले. सातला पोहोचलो म्हणून दार वाजवले तेव्हा तिथे सहा वाजले होते. मित्र गंजी आणि अर्ध्या चड्डीत, हातात पाण्याचा पाइप घेऊन लिंबाच्या झाडाला पाणी घालत होता, आणि वहिनी आमच्यासाठीच श्रीखंडाचा चक्का आणायला गेल्या होत्या. वसतिगृहात असताना प्रत्येक तासाला उशिरा येणारा मी एक तास आधी आलो, ही बातमी त्याने त्याच रात्री तुकडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली.

जेवताना त्याने पहिला प्रश्न विचारला तो पेजच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा. त्याचा कालवा ज्या विजेवर पाणी उचलत असे, ती पेजजवळच्या नवाहो औष्णिक केंद्रातून येई. २,२५० मेगावॉटचे केंद्र, म्हणजे आपल्या कोयनेच्या १,९६० मेगावॉटपेक्षा मोठे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ते बंद झाले आणि पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये ७७५ फूट उंचीच्या तिन्ही चिमण्या सुरुंग लावून पाडण्यात आल्या. हे त्याला माहीत होते, तरी त्याला आमच्या तोंडून ऐकायचे होते. आम्ही ग्लेन कॅन्यन धरणाच्या पुलावरून त्या दिशेला पाहिले होते. तिथे नुसते आकाश होते. त्याने मान हलवली आणि पापडाकडे हात नेला. मग १९२२ च्या कोलोराडो कराराची चर्चा निघाली. वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट, आपल्या मापात प्रत्येकी साधारण ३२७ टीएमसी (अब्ज घनफूट), वाटून दिले गेले ते भरपूर पावसाच्या वर्षांचे आकडे धरून; नदीत तेवढे पाणी नसते. कृष्णेच्या बच्छावत लवादाचे महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी हे आकडे आम्हा तिघांना अजून पाढ्यांसारखे पाठ आहेत. तेव्हा त्या रात्री दोन्ही नद्यांचे फेरवाटप झाले आणि ते आमच्या सौभाग्यवतींना मान्य झाले नाही, कारण बारा वाजून गेले होते.

बाहेर पारा ४० अंशांवर राहिल्याने आम्ही गाडीत न झोपता घरात झोपलो. गाडी घरासमोर उभी होती. सकाळी सातला दार उघडले, तर पुढच्या काचेवर केशरी रंगाचा भलामोठा कागद चिकटवलेला. त्या वसाहतीच्या घरमालक संघटनेच्या, म्हणजे आपल्या भाषेत सोसायटीच्या कमिटीच्या, पूर्वपरवानगीशिवाय असे वाहन रात्रभर उभे करता येत नाही आणि पुन्हा आढळल्यास ते ओढून नेले जाईल, असा मजकूर होता. चिकटवण्यासाठी वापरलेला गोंद काढताना दोन ब्लेडे आणि एक तास खर्ची पडला. मित्र लाजेने लाल झाला होता. वास्तविक कमिटीला विचारून घे, असे त्याला आम्हीच सांगायला हवे होते. दुसरी रात्र गाडी नऊ मैलांवरच्या आरव्ही पार्कमध्ये लावली आणि पती-पत्नी दोघे डबा घेऊन तिकडे आले.

परतीच्या वाटेवर हूवर धरण पाहिले. कोयनेच्या दुपटीहून अधिक उंचीची ती भिंत पाहून जे वाटायचे ते वाटलेच. पण धरण बांधणाऱ्या कामगारांसाठी वसवलेल्या बोल्डर सिटीतून जाताना कोयनानगरच्या चाळी आठवल्या आणि मी त्याचेच अधिक फोटो काढले.

लेखकाच्या सल्ल्यात तथ्य असल्याचे एक उदाहरणही प्रामाणिकपणे सांगतो. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्ड येथे आणखी एक वर्गमित्र आहे. फोनवर त्याने दोनदा विषय टाळला, तरी आम्ही तिसऱ्यांदा विचारले. तो महामार्गालगतच्या पेट्रोल पंपावर येऊन भेटला, उभ्याउभ्या वीस मिनिटे बोलला आणि पत्नीला फार वेळ एकटे सोडता येत नाही, असे सांगून गेला. गाडीत ये म्हटले तर आला नाही. दोनदा टाळल्यावर थांबायला हवे होते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा आपल्या वृत्तपत्रातही त्याला चांगली प्रसिद्धी मिळाली होती. त्यात समुद्रकिनारे, किल्ले आणि धरणे यांचा विचार आहे. माझी सूचना लहान आहे: तालुक्याच्या गावी, निदान एखाद्या एसटी आगाराच्या किंवा विश्रामगृहाच्या आवारात, टाक्या रिकाम्या करण्याची, पाणी भरण्याची आणि विजेची सोय करावी. निवृत्त माणसांचे मित्र महाबळेश्वरला किंवा तारकर्लीला राहत नाहीत. ते इस्लामपूरला, बार्शीला, परतूरला राहतात. आपली पुरवणी या विषयावर पुन्हा लिहील, तेव्हा बोगद्याच्या परवान्याची आणि रात्री थांबण्याच्या नियमांची दुरुस्ती तेवढी अवश्य छापावी, ही विनंती. माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी तो लेख कापून ठेवला असून येत्या सप्टेंबरसाठी त्यांनी गाडी ठरवली आहे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, सांगली